वरचा फोन, खालचा दिवा

११ नोव्हेंबर १९९७, मंगळवार. सकाळी सव्वानऊ.
अप्पांच्या जिन्याखाली उकिडवा बसून इन्व्हर्टरमागच्या वायरींना रंगीत चिंध्या बांधत होतो. खाली कापडाचे दुकान, वर घर. दोन्हीकडे मिळून पाच वस्तू, आणि पाचांचे आपसात पटत नाही. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू होतो. तो चालू झाला की फोनमध्ये भुंगा शिरल्यासारखा आवाज आणि टीव्हीवर पट्टे. दुकानातून वर बोलवायची घंटी दाबली की स्टॅबिलायझर खटकन बंद. वेगवेगळी माणसे आली, एकेक वस्तू बसवून गेली. दुसऱ्याची वायर कुठून गेली, हे कुणी बघितले नाही.
तपासायला मेन स्विच काढला तर वरून वहिनी (अप्पांची सून): "भाऊ, तुम्ही पाऊल टाकलं की लाईट जाती. बोर्डात नोकरीला हायत का?"
चहा खाली पाठवला. बशीत दोन खारी.

१३ नोव्हें.
मागच्या अंगणात खड्डा घेतला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. अर्थिंग वेगळे केले. फोनची वायर इन्व्हर्टरच्या वायरीला चिकटून जात होती, ती सोडवून भिंतीच्या दुसऱ्या अंगाने नेली. घंटीला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर.
वहिनी गच्चीच्या कठड्यावरून बघत होत्या. "मीठ कावून?" म्हटले, जमिनीत ओल धरून ठेवतं. "मग आमच्या घरातबी टाका जरा, लई कोरडं हाय." आणि हसल्या. मीही हसलो. 

१४ नोव्हें.
लाईट घालवली, इन्व्हर्टर आला, टीव्ही स्वच्छ, फोन स्वच्छ, घंटी दाबली, काही पडले नाही. पाचही वस्तू एकदम चालू ठेवून तासभर बसलो. मला असे बसायला आवडते.
अप्पा पूजा करून खाली आले, कपाळाला विभूती ओलीच होती. म्हणाले, "पोरा, तुझ्या हाताला शिस्त हाय. स्टँडकडं नवं दुकान बांधतोय, दोन मजले. त्याची फिटिंग तूच कर."
दोन मजले. आजवर मी एका वेळी दोन खोल्यांच्या पुढे गेलेलो नाही. दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा नापास झालो, तेव्हापासून मला असे कुणी बोलले नव्हते.

१७ नोव्हें.
अप्पांनी बोलावले. वरचा आणि खालचा फोन एकाच लाईनवर. नातू वर रिसिव्हर काढून खेळतो, मग व्यापाऱ्यांचे फोन लागत नाहीत. "वर उचललेला मला हितं गादीवर बसून कळंल, असं कायतरी कर."
होण्यासारखे आहे. फोन उचलला की लाईनचा दाब उतरतो. त्या उतरण्यावर दिवा लावायचा.
संध्याकाळी स.भाईंच्या दुकानात बसून डोके चालवले. सलीमभाई म्हणजे माझे उस्ताद, रेडिओ-टीव्हीचे सगळे त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांनी भंगार रेडिओतून दोन ट्रान्झिस्टर काढून दिले. "किसको चाहिए ये?" सांगितले. "पोता खेलता है बोले?" म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

२० नोव्हें.
बसवला. गल्ल्याशेजारी, गादीच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा. गिऱ्हाईकाला दिसत नाही, गादीवरच्याला दिसतो.
दुपारी दोनच्या सुमारास मी पेचकस आवरत होतो, तेवढ्यात दिवा लागला. मी ओरडलोच, "अप्पा, वर उचलला बघा!"
अप्पांनी ओठावर बोट ठेवले. मग खालचा रिसिव्हर अगदी हळू उचलला, बोलायच्या बाजूवर तळहात दाबला आणि ऐकत बसले. बराच वेळ. मला वाटले, आवाज येतो का ते तपासतायत. म्हणून मी हळूच विचारले, "भुंगा नाही ना?" अप्पांनी मान हलवली. नाही.
घरी येताना शीळ घालत आलो.

२४ नोव्हें.
लाईट जाण्याची पाळी आठवड्याला बदलते. मागच्या आठवड्यात सकाळची होती, आता दुपारची, एक ते तीन. त्यामुळे अप्पांची तक्रार: दुपारी दिवा आंधळा. दिवा इन्व्हर्टरवर घेतला. वीस मिनिटांचे काम.
चहा आला नाही. वहिनी दिसल्या नाहीत. तब्येत बरी नसेल.

२६ नोव्हें.
स.भाईंनी सांगितले. त्यांच्या बीबी अप्पांच्या दुकानात परकर पीस घ्यायला गेल्या होत्या, तिथे बायकांत बोलणे चालले होते.
वहिनींचे माहेर धारूरचे. उन्हाळ्यात त्यांच्या भावाचे लग्न झाले. तिथे मानाचे फेटे बांधताना अप्पांच्या आधी दुसऱ्या दोन व्याह्यांना बांधले. अप्पा पंगतीतून उठून आले. तेव्हापासून माहेर बंद, दिवाळीलाही पाठवले नाही, फोनसुद्धा करायचा नाही असे सांगितले. वहिनी तरी आईशी बोलत. माहेरी फोन नाही. आई रोज दुपारी दोनला तिथल्या एसटीडी बूथवर येऊन बसते आणि या इकडून लावतात.
परवा सगळ्या घरासमोर अप्पांनी त्यांचेच बोलणे त्यांना शब्दाला शब्द म्हणून दाखवले.
स.भाई म्हणाले, "तेरी बत्तीनं पकडवाया, मियाँ."
मी म्हणालो, मला नातू म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, "हां. मालूम है. मेरेकूबी वोच बोला था ना तू."
नातू. पोरगा सकाळपासून दुपारी साडेतीनपर्यंत बालवाडीत असतो. मी तिथे चार दिवस काम केले, मला हे माहीत होते. मी त्याचा विचार केला नाही.
अप्पांचा तळहात त्या रिसिव्हरवर. मी विचारले, भुंगा नाही ना.


२८ नोव्हें.
अप्पांनी बोलावले. आता फक्त दिवा नको. गादीवरून बटण दाबले की वरचा फोन मुका झाला पाहिजे, आणि व्यापाऱ्यांचा फोन मात्र खाली आला पाहिजे.
मी म्हटले, "अप्पा, वर कुणाला रातीबेराती अडचण आली तर?"
"अडचण आली तर घंटी हाय. तूच बशिवली न्हाई का?"
घंटी खालून वर वाजते. वरून खाली वाजत नाही. हे अप्पांना माहीत आहे आणि मलाही. 
मग अप्पांनी गल्ल्यातून नव्या दुकानाची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "सोमवारी जाऊन मापं घे."
मी रिले बसवला. बटण दाबले की रिले वरची लाईन तोडतो. इन्व्हर्टरवर घेतला, म्हणजे लाईट असो नसो, सारखेच. हात कापला नाही. हे इथे लिहून ठेवतो. हात अजिबात कापला नाही, वायरींचे पीळसुद्धा नेहमीसारखे एकसारखे आले.
निघताना वहिनी जिन्यात समोर आल्या. अंग चोरून बाजूला झाल्या. "भाऊ" म्हणाल्या नाहीत.

१ डिसेंबर
नव्या दुकानाची मापे घेतली. खाली अठरा पॉइंट, वर बारा. भिंतींना अजून प्लास्टर नाही. एकटाच होतो. बोललो तर आवाज घुमतो, म्हणून बोललो नाही.

४ डिसें.
काही नाही. दुपारी घड्याळाकडे बघतो आणि मग वाटते, कशाला बघितले.

८ डिसें.
धारूरला गेलतो. (स.भाई हसतील, इथे तरी "गेलो होतो" लिही म्हणतील.) एका पिठाच्या गिरणीचा स्टार्टर जळाला होता. काम दीडला उरकले. परतीच्या जीपला वेळ होता. गिरणीचा एक पार्ट आमच्या केजहून मागवायचा होता, म्हणून स.भाईंच्या शेजारच्या दुकानात फोन लावायला बूथवर गेलो. धारूरात आणखी बूथ असतील. मी जवळचा गाठला.
बाकावर एक म्हातारी बसलेली. लिंगायत बाई, कपाळाला भस्माचे पट्टे, मांडीवर कापडी पिशवी. एका डोळ्यावर पडदा आलेला. मी फोन लावायला हात पुढे केला तर बूथवाला म्हणाला, "दमा जरा, दोनला मावशीचा फोन येतो. पाच मिनिटं लाईन मोकळी ठिवतो आमी."
मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "येत न्हाई आता. धा-बारा दिस झालं. पर बसती बिचारी."
दोन वाजले. दोघेही फोनकडे बघत होते. मीही बघत होतो.
म्हातारीने विचारले, "लेकरा, कुठला तू?"
केजचा, म्हणालो. म्हणायला नको होते.
"केजचा? मग सांग की बाबा, केजची लाईन बिघडली का काय?"
मी म्हणालो, "हो. बिघडलीय."
"मला वाटलंच. म्हणून लागंना. न्हाईतर माझी सुवर्णा अशी राहायची न्हाई." चेहरा एकदम मोकळा झाला. बूथवाल्याला म्हणाली, "बघ बे, मी म्हनलं नव्हतं तुला? बिघाड हाय म्हनून." आणि पुन्हा मला, "दुरुस्त कोन करतंय मग?"
"करतायत," म्हणालो.
"लवकर करा म्हनावं. ह्या डोळ्याचं आपरेशन हाय, पुढल्या पंधरवड्यात. तिला इचारल्याशिवाय मी करनार न्हाई."
पिशवीतून दोन शेंगदाण्याचे लाडू काढून दिले. एक मला, एक बूथवाल्याला. मी घेतला. न घेऊन काय करणार होतो. घाटात जीप उतरताना खाल्ला. फेकवला नाही.

९ डिसें.
सकाळी इन्व्हर्टरला पाणी घालायच्या निमित्ताने जिन्याखाली गेलो. दिवा आणि रिले दोन्ही इन्व्हर्टरवरून काढून साध्या लाईनवर टाकले. आता लाईट गेली की दिवा लागणार नाही आणि रिले सुटून वरचा फोन जिवंत होईल. या आठवड्यात दुपारची पाळी आहे. एक ते तीन. अप्पांना बटण दाबलेलेच दिसेल.
काल रात्रीच हे सुचले होते. जिन्यातून बाहेर पडताना अंग हलके वाटले, खरे सांगायचे तर थोडी ऐटसुद्धा वाटली.
स.भाईंना सांगितले. त्यांनी कथील खाली ठेवले. "पहले उससे छुपाया, अब इससे छुपाया. तू वायरमन हाय का चोर, बे?"
मी म्हटले, पण फोन तर चालू होईल ना?
"होगा. उसकू बोला क्या तू?"
नाही.

११ डिसें.
दुपारी सव्वा वाजता गेलो, लाईट गेल्यावर. सासूबाई मठात गेल्या होत्या. वर टीव्हीचा बूस्टर बघतो असे अप्पांना सांगितले.
वहिनी चौकटीत उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी बूस्टरकडे तोंड करूनच सगळे सांगितले. दिवा मी केला, बटण मी केले, धारूरला आई भेटल्या.
"दिवा तुमचा हे ठाऊक हाय मला. साड्यांचा गठ्ठा आणायला खाली गेलते तवा बघितला. लई बारीक काम हाय."
मग, "कशी हाय आई?"
डोळ्याचे सांगितले. ऑपरेशनचे सांगितले. तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही म्हणाल्या, तेही.
"आणि काय म्हणली?"
"केजची लाईन बिघडलीय का, विचारलं."
"तुम्ही काय सांगितलं?"
"हो म्हटलं."
"मग खरंच सांगितलं की," म्हणाल्या. हसल्या नाहीत.
मग मी नवी व्यवस्था सांगितली. आता लाईट नाही, म्हणजे फोन आत्ता चालू आहे, दिवा लागणार नाही, कुणाला कळणार नाही, दोन वाजायला आले की लावा. माझा आवाज मलाच फार उत्साही वाटत होता.
वहिनींनी फोनकडे बघितले. कोनाड्यात होता, वर क्रोशाचा रुमाल. मला वाटले आता पुढे होतील. त्या होत्या तिथेच राहिल्या.
"म्हणजे मी आईशी बोलायला लाईट जायची वाट बघायची? एका आठवड्याआड?"
मी बूस्टरची वायर चाचपली.
"भाऊ, मी चोरून कधी बोलले न्हाई. भर दुपारी, दार सताड उघडं ठिवून बोलत होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आत्याबाईंना, ह्यांना, सगळ्यांना. मामंजी बघून न बघितल्यासारखं करत होते. तुमच्या दिव्यानं त्यांना बघायला लावलं. मग बोलावंच लागलं त्यांना." मग म्हणाल्या, "मला चोरवाट नको. तुम्ही जे बशिवलं ते काढा. त्यांच्यासमोर काढा."
मी म्हटले, नव्या दुकानाचं काम जाईल माझं.
"जाईल," म्हणाल्या आणि आत गेल्या.
दोन वाजेपर्यंत मी बूस्टरचा स्क्रू काढत आणि लावत होतो. कुणी फोनला हात लावला नाही.

१२ डिसें.
गेलो नाही.

१३ डिसें.
दुकानासमोरून दोनदा गेलो. गर्दी होती. गर्दी नसती तरी दुसरे काही कारण काढले असते.
"बघून न बघितल्यासारखं." म्हणजे ते घर मी यायच्या आधी एका तऱ्हेने चालले होते. अप्पांचा शब्द राहत होता आणि वहिनींचे बोलणेही होत होते. मी सगळ्या वायरी सोडवल्या, एकही गाठ ठेवली नाही, आणि

१५ डिसें.
सकाळी अकराला गेलो. अप्पा गादीवर, समोर लग्नाचा बस्ता काढायला आलेली दहा-बारा माणसे, लुगड्यांचे ढीग. उभाच राहिलो.
"काय रं?"
"ते गादीखालचं काढायचंय अप्पा."
"कावून? बिघडलं?"
हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. नेऊन दुरुस्त करतो म्हणायचे आणि परत आणायचेच नाही. जिभेवर आले होते.
"न्हाई. चांगलं चाललंय," म्हटले. "मला काढायचंय."
अप्पांनी गिऱ्हाइकांकडे बघितले आणि आवाज उतरवला. "धारूरकरांनी किती दिलं तुला?"
"कायच न्हाई." मग अर्धेच सांगितले तर तेही खोटेच ठरेल, म्हणून सगळेच बोललो. साध्या लाईनवर टाकले तेही सांगितले. वहिनींनी त्या दिवशी फोनला हात लावला नाही, तेही. बूथवर त्यांच्या आई रोज बसतात. ऑपरेशन अडलंय. मला विचारतात, दुरुस्त कोण करतंय.
अप्पा कापडाची घडी घालत होते. घडी पूर्ण केली, हाताने दाबली.
"चारशे माणसात मला तिसऱ्या नंबराला फेटा बांधला. तवा तू होता का तितं?"
"न्हाई."
"मग ह्यात कावून हायेस?"
 म्हटले, "मी बशिवलं म्हणून."
 बस्त्यातली एक म्हातारी म्हणाली, "अप्पा, हिरवं दावा की." अप्पांनी हिरवे लुगडे काढून तिच्यापुढे टाकले आणि मला म्हणाले, "काढ. आणि नव्या दुकानाची किल्ली ठिव हितं."
किल्ली ठेवली. गादीची कड उचलून दिवा, बटण, रिले सगळे काढले, फोनची वायर सरळ जोडली, टेप मारला. सगळे लोक बघत होते.  टेप दोनदा लावावा लागला.
वरचा फोन तोडणाऱ्या कटआऊटच्या मजुरीचे मिळालेले ऐंशी रुपये गादीवर ठेवले. अप्पांनी उचलले नाहीत.
पायरी उतरताना म्हणाले, "केजात तू एकटाच वायरमन हायेस का बे?"
"न्हाई, अप्पा."
"दिवा असू न्हाईतर नसू. मी हितं गादीवर बसलेला हाय. उचलंल का ती?"

१६ डिसें. मंगळवार.
स.भाईंनी मला त्यांच्याकडचे पाच रेडिओ दिले, करून दे म्हणाले. बाकी विचारले नाही.
दुपारी स्टँडसमोरच्या बूथवर गेलो, लाईन दुरुस्त झाली एवढे वहिनींच्या आईंना सांगायला. दोन वाजून पाच मिनिटांनी धारूरच्या बूथचा नंबर लावला. तिथल्या पाटीवरून लिहून आणला होता. एंगेज. दहा मिनिटे थांबून परत लावला. एंगेज. तिसऱ्यांदा, एंगेज.
बूथवाला म्हणाला, "कोन तरी लई बोलतंय तिकडं."
तो बूथ आहे. दिवसभर कुणीही बोलत असते. बाजारात मुकादम, पोरे, कुणीही. आणि दोनला पाच मिनिटे ते लाईन मोकळी ठेवतात, पण ती पाच मिनिटे तर होऊन गेली होती.
अप्पांचा नंबर मला पाठ आहे. तो लावला असता तर कळले असते. एंगेज लागला असता तर एक, घंटी गेली असती तर दुसरे. बूथवाल्याने विचारले, "दुसरा नंबर हाय का?"
नाही म्हणालो. त्या घरात कोण कधी फोन उचलते हे बाहेर बसून बघायची सोय मी एकदा केली. पुन्हा नाही.

हिशेब, आजपर्यंत:
अर्थिंग, वायर, घंटीचा ट्रान्सफॉर्मर: अप्पांकडून मिळाले, मिटले.
दिव्याची मजुरी साठ: मिळाली, खर्चून बसलो. परत करायची आहे.
कटआऊटचे ऐंशी: गादीवर.
रिले: स.भाईंचे पस्तीस देणे.
जीप, धारूर जाऊन येऊन: चौदा.
लाडू: एक.
आजचा फोन: काही नाही. लागला नाही.